आधीच भरलेली ओटी

१९ जुलै, जर्सी सिटी

आक्का, लिहायला फार उशीर झाला, राग धरू नकोस. निघताना तू ही वही हातात दिलीस. मला आता ऐकू येत नाही, फोन करून ओरडू नकोस, रोज चार ओळी लिही आणि सूनबाईला फोटो काढून पाठवायला सांग, असं म्हणाली होतीस. महिना होत आला आणि ही पहिली ओळ. आधी दिवसा झोप यायची, मग पोट बिघडलं, मग चष्म्याची काडी मोडली. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाची कारणंही सातवीतलीच. पण सुखरूप आहे. पासपोर्ट उशीखाली आहे.

घर छान आहे. राजीवनं गेल्या वर्षी घेतलं. स्टेशनजवळ सगळे काचेच्या उंच इमारतींत राहतात, पण त्याला जमिनीवरचं हवं होतं. लाल विटांचं आहे, शेजारच्या घराला खांदा लावून उभं. वर दोन मजले आणि जमिनीखाली एक मोठी खोली, तिला बेसमेंट म्हणतात. अकरा पायऱ्या उतरून जावं लागतं. खाली अनयाची खेळणी, कपड्यांचं मशीन, तू दिलेल्या लोणच्याच्या बरण्या आणि माझी पेटी. पेटीत राजीवच्या आईची, आमच्या मालिनीची, हिरवी साडी ती गेल्यापासून तशीच आहे. आणायची नव्हती, पण मागे तरी कुणाच्या भरवशावर ठेवायची?

अनया सात वर्षांची झाली. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं बरोबर जमतं. मला आप्पा म्हणते.

आणि ऐक, मला काम मिळालं! पगार नाही, मान आहे. कादंबरी म्हणून नागपूरची एक मुलगी राजीवच्या ओळखीची आहे. पुराच्या आधी गल्लीगल्लीतल्या लोकांना तयार करणारी एक संस्था आहे, तिथे ती असते. तीन वर्षांपूर्वी इथे तासाभरात तळघरं छतापर्यंत भरली होती म्हणे. मी सांगितलं, एकतीस वर्षं पुलाखालची पट्टी वाचून कृष्णामाईची पातळी लिहिली आहे, पुरात तर दर तासाला. ती म्हणाली, काका, यू आर हायर्ड. नारिंगी जाकीट दिलं, एक शिट्टी दिली, चिकटपट्टीची गुंडाळी दिली. या वयात मला पुन्हा पाण्यावर नेमलं, आक्का.

२४ जुलै

बावीस घरं झाली. अनया सोबत असते, ती माझं इंग्रजी.

काय सांगतो ते लिहितो, तुझ्याही उपयोगाचं आहे. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावर. दाराशी वाळूची पोती आजच आणून ठेवायची, पाऊस लागल्यावर नाही. प्रत्येक माणसाची एक पळायची पिशवी भरलेली हवी. त्यात एक जोड कपडे, औषधं, बॅटरी, पाणी, शिट्टी. आणि काहीही झालं तरी पाणी चढत असताना तळघरात उतरायचं नाही. कुत्र्यासाठी नाही, सामानासाठी नाही, कुणासाठीच नाही. हे मी तीनदा म्हणायला लावतो. मग तळघराच्या पायऱ्यांना चिकटपट्टी लावून आकडे टाकतो, खालून वर, म्हणजे पाणी कितव्या पायरीला आहे ते कळतं.

अनयानं स्वतःची पळायची पिशवी भरली. गुलाबी दप्तर. कपडे, बॅटरी, शिट्टी आणि ससा.

पण माणसं वाईट आहेत, आक्का. कोपऱ्यावरच्या पांढऱ्या घरातल्या माणसानं मी दिलेला माहितीचा कागद माझ्यादेखत फाडला. पट्ट्या दिसल्या की घराची किंमत पडते म्हणाला. एकानं पोलीस बोलावला. पोलीस बरा होता, जाकीट बघून गेला, पण त्या दिवशी मी पुढचं दार वाजवलं नाही. समोर कार्मेन म्हणून एक म्हातारी राहते. चाळीस वर्षं त्याच घरात आहे. दर पावसात तिचं तळघर भरतं. तिनं दार अर्धं उघडून अनयाला सांगितलं की तुझ्या आजोबांना म्हणावं, आधी स्वतःचं घर बघ, ते सगळ्यांत खाली आहे. मग दार आपटलं. मी कुणाचं काय केलं?

३१ जुलै

आमच्या दाराजवळच्या गटारीची जाळी मी साफ ठेवतो. जाळीच्या मागे फुटपाथखाली एक फट आहे, रुंद, तोंडासारखी. पानं, बाटल्या, सगळं तिथे अडकतं. मी दंताळ्यानं ओढून काढतो.

आज कादंबरीनं शहराचा जुना नकाशा दाखवला. काका, इथे बघा, म्हणाली. आमच्या गल्लीच्या जागी निळी रेघ होती. तिथून एक ओढा वाहायचा. सव्वाशे वर्षांपूर्वी त्याला नळात घातलं, वर भराव टाकला, भरावावर घरं बांधली. ती रेघ थेट आमच्या घराखालून जाते.

मला जेवण गेलं नाही. पाण्याला ना घाट, ना पायरी, ना कुणी दिवा लावायला. आपल्या माईसारखीच बाई, जिवंत पुरली म्हणायची. आणि हिला दोष देतात की घरात शिरते.

मग तुझी आठवण झाली. माई तिसऱ्या पायरीला लागली की तुम्ही बायका पदर घेऊन जायचात, खणानारळानं तिची ओटी भरायचात. बाई, आलीस, बसलीस, आता सुखानं सासरी जा, असं म्हणायचात. आणि मी पट्टीवर बघायचो, तासाभरात बोटभर उतार. हे मी कधी साहेबाच्या वहीत लिहिलं नाही, पण बघितलं आहे.

इथे हिची ओटी कुणी भरली असेल?

२ ऑगस्ट

काम करून आलो. मन हलकं आहे.

सूनबाईला, सुमेधाला सांगणार होतो, पण तिला लाज वाटली असती. म्हणून दुपारी गल्ली रिकामी बघून मीच केलं. इंडियन स्टोअरमधला नारळ, ओंजळभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि खण नव्हता म्हणून मालिनीच्या साडीचा पदराकडचा तुकडा. जाळीला हळदकुंकू लावलं. पाणी नव्हतंच, कोरडं ठक्क होतं. पण इथली रीतच आहे, सगळं आधी करून ठेवायचं. पोती आधी, पिशवी आधी, तशी ओटीही आधी.

मी म्हणालो, बाई, तुझं इथे कुणी नाही असं समजू नकोस. हे घर तुझं माहेर समज.

मग सगळं त्या फटीत सोडलं. एवढा मोठा नारळ, पण पडल्याचा आवाज आला नाही. कान लावून बसलो होतो. बहुतेक खाली गाळ असेल.

९ ऑगस्ट

मोठा पाऊस झाला. सगळी गल्ली गुडघाभर भरली आणि आमच्या घरात थेंब नाही! दाराशी पाणी आलं, पोत्यांना टेकलं आणि थांबलं. राजीव म्हणाला, आप्पा, तुम्ही तर एक्सपर्ट निघालात यार, माझ्या ऑफिसात या. सुमेधानं गोड शिरा केला. पांढऱ्या घरातला माणूस खिडकीतून नुसता बघत होता. मला, लहान मुलासारखं, त्याला वेडावून दाखवावंसं वाटलं.

एकच लिहायचं राहिलं. तळघरात पहिल्या पायरीवर दोन ओली पावलं होती. अनयाची म्हणून पुसली. पुसल्यावर आठवलं की ती मोठी होती. बाईमाणसाची, अनवाणी, टाचा खाली तळघराकडे आणि बोटं वर घराकडे.

१२ ऑगस्ट

तीन दिवस कडक ऊन. पावलं तिसऱ्या पायरीवर.

गौरीची पावलं काढतो ना आपण, दारातून आत येणारी, तशी. कुंकवाऐवजी गाळ. नदीकाठच्या गाळाचा वास येतो. सुमेधा म्हणते मशीनचा पाइप गळतो. प्लंबर आला, पाइप कोरडा, त्यानं माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं.

लोणच्याची एक बरणी नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी मालिनीची साडी नाही. पेटी बंद, कुलूप बंद, आत तळाला ओल.

अनयाला विचारलं. ती रंग भरत होती, मान वर न करता इंग्रजीत म्हणाली, तिनं नेलं, तिचंच आहे ना. मी म्हटलं, कुणी? तर ती मराठीत म्हणाली. एकच शब्द. आत्यानं.

आक्का, राजीवला बहीण नाही. या घरात हा शब्द कधी कुणी उच्चारलेला नाही. त्या मुलीला तो शिकवला कुणी?

१५ ऑगस्ट

तुझं उत्तर आलं. नातसुनेकडून लिहवून घेतलंस. सुमेधानं फोनवर वाचून दाखवलं, वाचता वाचता तिचा आवाज बदलला.

तू विचारलंस, ओटी आधी भरायला तुला कुणी सांगितलं? ओटी निघताना भरतात. ती निरोपाची असते. पाणी आलं नसताना भरलीस म्हणजे निरोप दिला नाहीस, आवतण दिलंस. आणि भरली कुणी? विधुर माणसानं. घरातल्या सवाष्णीनं पाठवल्याशिवाय माहेरवाशीण उंबरा ओलांडत नाही. आणि ज्या बाईला जन्मात माहेर नव्हतं ती आता सासरी एकटी जायची नाही. ती पाठराखीण मागेल. लेकीसोबत सासरी पाठवतात तशी घरातली पोर. ती द्यायची नाही, मर की जग.

मी सुमेधाला म्हटलं, बाई, तुझ्या हातानं एकदा ओटी भर, तिला जा म्हण. तिनं फोन आपटला. आप्पा, प्लीज, हे क्रीपी आहे, तुम्ही माझ्या मुलीच्या डोक्यात हे घालताय, म्हणाली. यापुढे वहीचे फोटो काढणार नाही, पाठवणार नाही, असंही म्हणाली. माझा फोन बटणांचा.

तरी लिहितो. तुलाच लिहितो. दुसऱ्या कुणाला लिहू?

१९ ऑगस्ट

संस्थेकडे तक्रार गेली. गटारीत नारळ आणि कापड टाकल्याचा कुणी व्हिडिओ काढला होता. कादंबरी आली, जाकीट मागितलं. काका, सॉरी हां, माझ्या हातात काही नाही, म्हणाली, पण डोळ्यांत बघेना. शिट्टी मी दिली नाही. हरवली म्हणालो. खोटं बोललो.

राजीवनं डोक्याच्या डॉक्टरची वेळ घेतली. महिन्यानंतरची. तोवर मी अनयाबरोबर एकट्यानं तळघरात जायचं नाही. मी जायचं नाही! तिला नाही बंदी, मला.

पाचवी पायरी.

२३ ऑगस्ट

सुमेधा मीटिंगमध्ये होती. मी तळघराच्या दाराला कडी बसवली, माझ्या हातानं, बाहेरून. राजीवनं संध्याकाळी काढून टाकली. फायर सेफ्टी म्हणाला. मी रडलो, आक्का. त्यानं पाठीवर हात ठेवला, पण कडी काढलीच.

अनयाच्या हातात हिरवी बांगडी आहे. काचेची, गाळानं भरलेली. निघत नाही. सुमेधानं साबण लावून बघितला. कुठून आणलीस, तर शाळेतून, म्हणाली. माझ्याकडे बघून हसली.

तिची पिशवी भरलेलीच असते. मीच शिकवलं ना, कायम भरलेली ठेवायची. आज उघडून बघितली. ससा काढून टाकला आहे. त्या जागी लोणच्याची बरणी.

मी विचारलं, कुठे निघालीस गं? ती म्हणाली, आत्याला ड्रॉप करायला. ती एकटी घाबरते.

२६ ऑगस्ट

वादळ येतं आहे. परवा. राजीवला ऑफिसच्या कामासाठी दूर सांता क्लाराला जावं लागलं, विमान कॅन्सल करायला मी पाया पडलो. तीन दिवसांत येतो, म्हणाला.

कार्मेन आज स्वतः रस्ता ओलांडून आली. कालच्या पावसात, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, तिचं तळघर कोरडं राहिलं. पांढऱ्या घराचंही. सगळ्यांचंच. सगळं पाणी तुझ्याकडे येतं, कुणी बोलावलंय तिला ते आम्ही बघितलंय, म्हणाली. मी जास्तीची पोती मागितली. नाही म्हणाली. पांढऱ्या घरातला माणूस आपल्या दाराशी उभा राहून हसला. त्या सगळ्यांना व्हिडिओ माहीत आहे. मी ज्यांच्या पायऱ्यांना आकडे लावले ते सगळे —

जाऊ दे. सातवी पायरी.

२८ ऑगस्ट, दुपारी १२

पाऊस. सुमेधाला ऑफिसला बोलावलं होतं, दहाला परत येणार होती. गाड्या बंद. नदीच्या पलीकडे अडकली. फोन आला. अनयाला वरच्या मजल्यावर न्या, आप्पा, काही झालं तरी बेसमेंटमध्ये जाऊ नका, तुम्हीच सांगता ना लोकांना. हो म्हटलं. मग हळूच म्हणाली, आप्पा, ओटी कशी भरतात? मी येते, मी भरते. फोन तुटला.

उशीर केलास बाई. मीही केला.

१२.४०

रस्ता कोरडा. पाऊस धो धो आणि रस्ता कोरडा. सगळं आमच्या जाळीकडे धावतं. अनयाला उचलून कार्मेनच्या दाराशी नेलं. या पोरीला तासभर ठेव. तिनं खिडकीतून मान हलवली, नाही. पडदा ओढला. पांढऱ्या घराचं दार वाजवलं. त्या माणसानं कुत्रा सोडला.

परत आलो. मी लावून गेलेलं आमचं दार उघडं होतं.

१.१५

तळघरात पाणी. पहिली पायरी. जुनी सवय, वही घेऊन वरच्या पायरीवर बसलो आहे. पाणी बघायचं, आकडा लिहायचा.

स्वच्छ पाणी. तरंग नाही. पावसाचं पाणी असं नसतं.

१.३० — तीन.

अनया वर आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, दाराला बाहेरून खुर्ची लावली आहे. माझी शिट्टी तिला दिली. दर मिनिटाला वाजव, म्हणजे मला कळेल. वाजवते आहे. शहाणी पोर.

१.५० — सहा. मधे थांबलं नाही.

हिरवा पदर तरंगतो आहे. कापलेल्या बाजूनं. बाकीची साडी कुणीतरी नेसलेली आहे. मी तोंड बघितलं नाही. बघणार नाही.

पोर द्यायची नाही. मर की जग, तू लिहिलं होतंस.

२.०० — आठ

सुचलं. पाठराखीण दिली नाही तर मुराळी तरी हवाच. लेकीला पोचवायला घरातला पुरुष जातो. आपले आबा तुला पोचवायला जायचे, आठवतं? बैलगाडीत पुढे बसायचे, तू मागे. माहेर मी दिलं. बाप मी. मीच पोचवून येईन.

बोललो तिला. बाई, चल, मी येतो सोबत, पोरीला राहू दे. पाणी थांबलं. आठवर थांबलं, आक्का. एकतीस वर्षांत असं थांबलेलं —

वरून शिट्टी. वाजते आहे.

२.१०

चप्पल काढली. पासपोर्ट खिशात घेतला, का कोण जाणे. आठव्या पायरीवर आहे. पाणी थंड नाही. वही उंच धरून लिहितो. सातव्या. सहाव्या. कुणीतरी हात धरला. बांगड्या वाजतात. रागानं धरलेला नाही — नाही, रागानंच —

एक विचारायचं राहिलं. पोचवायला गेलेल्या मुराळ्याला सासरची माणसं परत सोडतात ना? जेवून, उन्हं कलल्यावर? आबा यायचे. यायचे ना?

तळाच्या पायरीवर आलो, पाणी गळ्याशी आलं आहे. शिट्टी वाजली.

पुन्हा वाजली. जवळून. वरून नाही — माझ्या खालून —

गुलाबी दप्तर —

आक्का, ती आधीच — खुर्ची कुणी काढली — आक्का, दोघांना नेत नाहीत ना, एकालाच ना, रीत काय आहे, लवकर कळव, हात सुटायच्या आत लवकर कळ